दोन मतपत्रिका : बाबासाहेब आणि भंडाऱ्याची पोटनिवडणूक

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र आपल्याला शाळेपासून पाठ असते. महू येथील जन्म, साताऱ्याची शाळा, बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती, कोलंबिया, लंडन, महाडचे तळे, पुणे करार, राज्यघटना आणि शेवटी नागपूरची दीक्षा, या क्रमाने आपण ते परीक्षेत लिहितो आणि गुणही मिळवितो. या क्रमात आपला भंडारा जिल्हा कोठेच येत नाही. वास्तविक तो यावयास हवा. १९५४ सालच्या उन्हाळ्यात बाबासाहेबांनी भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढविली होती. तीत त्यांचा पराभव झाला. त्यांच्या आयुष्यातील ती शेवटची निवडणूक.

आमचे गाव लाखांदूर तालुक्यात, चुलबंद नदीच्या बाजूला. घर शेतकऱ्याचे, जात कुणबी. महाविद्यालयाची पायरी चढणारा घरातला मी पहिलाच. या निवडणुकीविषयी मी लहानपणी आमच्या आळीत एक शब्दही ऐकला नाही. गावातल्या बौद्ध मोहल्ल्यात मात्र म्हाताऱ्या माणसांना ती सविस्तर माहीत आहे. कोणाच्या आजोबांनी प्रचारासाठी बंडी जुंपली, कोण सभेला पायी गेले, हे तिथे अजून सांगितले जाते. दहावीनंतर तिथल्या मित्राच्या घरी जाणे-येणे वाढले तेव्हा मला ते प्रथम कळले. एकाच गावात, एकाच निवडणुकीचे, एका बाजूला एवढे स्मरण आणि दुसऱ्या बाजूला एवढी शांतता का, हा प्रश्न माझ्या मनात राहिला. राज्यशास्त्र विषय घेतल्यावर त्याचा थोडा माग काढता आला. तो मित्रांसमोर आणि प्राध्यापकांसमोर ठेवीत आहे.

बाबासाहेबांचे आयुष्य मतदानाच्या अंगाने पाहिले तर ते निराळेच दिसते. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १९१२ मध्ये ते बी. ए. झाले, विषय अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र. (आपल्या वर्गातील निम्म्या मुलांचे हेच विषय आहेत, आणि निम्म्या मुलांना ते सोपे म्हणून घेतल्यासारखे वाटतात!) अमेरिका आणि इंग्लंड पाहून परतल्यावर ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. तेथे असतानाच, १९१९ च्या जानेवारीत, मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. वय अवघे सत्तावीस. त्या काळी मत हा मालमत्ता, कर आणि शिक्षण यांच्या मागून येणारा हक्क होता. ज्याच्याजवळ जमीन नाही, ज्याला शाळेत बसू दिले जात नाही, त्याला मत कोठून मिळणार? हा मुद्दा त्यांनी तेव्हाच मांडला. पुढे १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे पुण्यात त्यांनी सर्व प्रौढ स्त्रीपुरुषांना मताधिकार द्यावा अशी मागणी केली. मोठमोठ्या पुढाऱ्यांनाही ती तेव्हा घाईची वाटत होती.

गोलमेज परिषदा, १९३२ च्या ऑगस्टमधील जातीय निवाडा, गांधीजींचे येरवड्यातील उपोषण आणि २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार, हा भाग सर्वांना ठाऊक आहे. म्हणून येथे एवढेच सांगतो की, निवाड्याने अस्पृश्यांना प्रांतिक कायदेमंडळांत ७१ जागा आणि त्यांपुरता वेगळा मतदारसंघ दिला होता. वेगळा मतदारसंघ याचा अर्थ त्या जागांचा प्रतिनिधी फक्त अस्पृश्य मतदारांनी निवडावयाचा. करारात जागा वाढून १४८ झाल्या, त्यांतील २० आपल्या त्या वेळच्या मध्य प्रांताला मिळाल्या. पण मतदारसंघ संयुक्त झाला. उमेदवार अस्पृश्य, मतदार मात्र सगळे. जागा दुपटीहून अधिक झाल्या म्हणून वरवर पाहता हा फायदाच दिसतो. बाबासाहेबांना त्यातील धोका तेव्हाच दिसत होता. जेथे आपले मतदार दहात दोन आहेत, तेथे उरलेले आठ ठरवतील तोच आपला प्रतिनिधी होणार. त्यांनी सही केली ती एका माणसाचा जीव वाचवण्यासाठी आणि त्यामागून खेड्याखेड्यांत काय होईल या काळजीने. भंडाऱ्याची गोष्ट समजावयाची असेल तर ही सही लक्षात ठेवावी लागते.

त्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीत ते जिंकले. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १९३७ च्या निवडणुकीत मुंबई इलाख्यात १७ उमेदवार उभे केले. त्यांतील बहुतेक निवडून आले. ते स्वतः भायखळा-परळ भागातून उभे होते. त्यांच्या विरुद्ध काँग्रेसने पालवणकर बाळू या नामांकित क्रिकेटपटूला उभे केले होते. बाळूही अस्पृश्य समाजातलेच, आणि त्यांची गोलंदाजी साऱ्या मुंबईला प्रिय! तरी बाबासाहेब सुमारे दोन हजार मतांनी विजयी झाले. या विजयामागे मतदानाच्या रीतीचाही हात होता. मुंबई इलाख्यात त्या वेळी एका मतदाराला जितकी मते असत तितकी सगळी तो एकाच उमेदवाराला देऊ शकत असे. त्यामुळे थोड्या संख्येचा पण एकजुटीचा समाज आपला माणूस निवडून आणू शकत होता. ही सवलत १९५२ मध्ये उरली नाही, आणि फरक लगेच दिसला.

मधली वर्षे भरभर सांगतो. १९४२ च्या जुलैत नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली आणि त्याच वर्षी ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. १९४६ च्या प्रांतिक निवडणुकांत फेडरेशनचा धुव्वा उडाला. मुंबईतून घटना समितीत जाण्याइतके बळ त्यांच्याजवळ राहिले नाही. शेवटी जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना बंगालमधून निवडून दिले. फाळणीत ती जागाही गेली. मग बॅ. जयकरांच्या रिकाम्या जागेवर, १९४७ च्या जुलैत, काँग्रेसच्या पाठिंब्याने ते मुंबईतून पुन्हा निवडले गेले. २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि ते तिचे अध्यक्ष झाले. पुढे राज्यघटनेच्या ३२६ व्या कलमाने प्रत्येक प्रौढ भारतीयाला मत मिळाले. १९१९ मध्ये सत्तावीस वर्षांच्या प्राध्यापकाने जो मुद्दा मांडला होता तो असा एकतीस वर्षांनी कायदा झाला. १९५१ च्या सप्टेंबरात हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर आणि इतर कारणांनी त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पहिली सार्वत्रिक निवडणूक तोंडावर आली होती.

आता त्या निवडणुकीची रीत समजून घ्यावी लागेल, कारण सगळे मर्म तीत आहे. आज आपण यंत्रावर एक कळ दाबतो. १९५२ मध्ये प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी असे आणि पेटीवर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे. बहुतेक मतदार निरक्षर, म्हणून ही योजना. मतदाराने मतपत्रिकेवर खूण करावयाची नसे, ती पडद्याआड जाऊन आपल्या पसंतीच्या पेटीत टाकावयाची. काँग्रेसची बैलजोडी होती, फेडरेशनचा हत्ती. जेथे अनुसूचित जातींची जागा राखीव होती तेथे बहुधा मतदारसंघ दोन सदस्यांचा असे. अशा ठिकाणी प्रत्येक मतदाराला दोन मतपत्रिका मिळत. दोन्ही एकाच पेटीत टाकणे नियमाला धरून नव्हते. तसे केले तर मत वाया जाई. मोजणी करताना प्रथम अनुसूचित जातीच्या उमेदवारांत ज्याला सर्वांत जास्त मते असतील तो राखीव जागेवर निवडून येई. मग उरलेल्या सर्वांत जो पुढे असेल तो दुसऱ्या जागेवर. ही दुसरी जागा सर्वांना खुली होती, हे ध्यानात ठेवावे. १९५७ मध्ये आंध्रातील पार्वतीपुरम येथे असेच घडले. राखीव जागा आदिवासी उमेदवाराने घेतली आणि खुली जागाही दुसऱ्या आदिवासी उमेदवारानेच घेतली. हरलेले गृहस्थ होते व्ही. व्ही. गिरी, जे पुढे राष्ट्रपती झाले. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, पण निकाल फिरला नाही.

१९५२ मध्ये उत्तर मुंबईत बाबासाहेब राखीव जागेसाठी आणि समाजवादी पक्षाचे अशोक मेहता खुल्या जागेसाठी, अशी जोडी उभी राहिली. फेडरेशनच्या मतदाराने दुसरे मत मेहतांना द्यावे आणि समाजवाद्याने दुसरे मत बाबासाहेबांना, असा समझोता. दोघेही पडले. राखीव जागेवर काँग्रेसचे नारायण काजरोळकर निवडून आले. त्यांना १,३८,१३७ मते मिळाली आणि बाबासाहेबांना १,२३,५७६. त्या मतदारसंघात सत्तर हजारांहून अधिक मतपत्रिका बाद झाल्या होत्या. बाबासाहेब आणि मेहता यांनी त्याविरुद्ध निवडणूक अर्ज केला, पण उपयोग झाला नाही. त्यानंतर मुंबई राज्यातून ते राज्यसभेवर गेले. म्हणजे संसदेत त्यांना जागा होतीच. तरी दोन वर्षांनी, साठी उलटलेली, मधुमेहाने आणि सांधेदुखीने गांजलेले असताना ते भंडाऱ्याच्या उन्हात का आले, असा प्रश्न पडतो. मला वाटते, राज्यसभेत आमदार पाठवतात. ज्या सामान्य माणसाच्या मतासाठी त्यांनी आयुष्य वेचले त्याच्या मताने एकदा सभागृहात जावे, ही इच्छा त्यांच्या मनात असावी. हा माझा तर्क आहे, तो तर्क म्हणूनच घ्यावा.

भंडाऱ्यात पोटनिवडणूक का लागली, ही कथा फार थोड्या लोकांना ठाऊक आहे आणि ती मोठी विलक्षण आहे. आपला जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती. गोंदियाचा सगळा भाग जिल्ह्यातच होता, तो १९९९ मध्ये वेगळा झाला. भंडारा हा लोकसभेचा दोन सदस्यांचा मतदारसंघ होता. पहिल्या निवडणुकीत काँग्रेसचे चतुर्भुज विठ्ठलदास जसानी खुल्या जागेवर आणि तुलाराम साखरे राखीव जागेवर निवडून आले. काही मतदारांनी निकालाला आव्हान दिले. त्यांचे आक्षेप दोन होते. एक असा की जसानी हे मुलजी सिक्का आणि कंपनी या विडी व्यवसायातील पेढीचे भागीदार होते, आणि ही पेढी लष्करी जवानांच्या उपाहारगृहांसाठी सरकारला विड्या पुरवीत होती. सरकारशी पुरवठ्याचा करार असलेला माणूस कायद्याने उमेदवार होऊ शकत नव्हता. आपल्या जिल्ह्यातील तेंदूपत्ता आणि बायाबापड्यांनी वळलेली विडी लोकसभेच्या निवडणुकीत अशी आडवी आली!

दुसरा आक्षेप अधिक खोल होता. गंगाराम ठवरे नावाच्या गृहस्थांनी राखीव जागेसाठी अर्ज भरला होता. ते जन्माने महार, पण महानुभाव पंथात गेलेले. महानुभाव जात मानीत नाहीत, म्हणून ठवरे आता महार राहिले नाहीत आणि राखीव जागेला पात्र नाहीत, असे ठरवून त्यांचा अर्ज फेटाळण्यात आला होता. पंथ बदलला की जात जाते का? हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी, जे पूर्वी नागपूरच्या उच्च न्यायालयात होते, १९५४ च्या फेब्रुवारीत निकाल दिला. ठवरे पंथाने महानुभाव झाले तरी समाजात ते महार म्हणूनच वावरत होते आणि महार समाजही त्यांना आपलेच मानीत होता, तेव्हा त्यांची जात गेलेली नाही, असा त्या निकालाचा आशय. अर्ज चुकीने फेटाळला, जसानी अपात्र होते, म्हणून भंडाऱ्याची सगळी निवडणूकच रद्द. एक राखीव जागा आणि एक खुली जागा, दोन्ही रिकाम्या झाल्या.

बाबासाहेबांनी राखीव जागेसाठी अर्ज भरला. खुल्या जागेसाठी पुन्हा अशोक मेहताच, या वेळी प्रजा समाजवादी पक्षाकडून. हत्ती आणि झोपडी अशी ती जोडी. मेहता मूळचे भावनगरचे, मुंबईच्या कामगार चळवळीतले; भंडाऱ्याशी त्यांचा पूर्वीचा संबंध नव्हता. बाबासाहेबही येथले नव्हते, पण फेडरेशनचे बळ विदर्भात मोठे होते आणि तिची स्थापनाच नागपुरात झाली होती. त्यांच्या विरुद्ध काँग्रेसने भाऊराव बोरकरांना उभे केले. बोरकर आपल्याकडचे होते, तेही अनुसूचित जातीचे.

प्रचार एप्रिलमध्ये झाला. आपल्याकडचा एप्रिल वाचकांना सांगावयास नको. बांध्या फुटलेल्या, बोड्या आटलेल्या, मोहफुले वेचून संपलेली आणि जंगलात तेंदूपत्त्याची लगबग सुरू व्हावयाची. ज्या माणसांच्या भरवशावर ही निवडणूक लढवली जात होती, त्यांपैकी कित्येकांचे वर्षाचे रोख उत्पन्न या दोन महिन्यांत ठरत असे. मजुरी सोडून सभेला जाणे म्हणजे त्या दिवसाची चूल सोडणे. तरी लोक गेले. बाबासाहेबांनी आपल्या भाषणांत नेहरू सरकारच्या कारभारावर आणि परराष्ट्र धोरणावर कडक टीका केली. मला येथे एक शंका येते. धानाच्या बांधावर राबणाऱ्या माणसाला परराष्ट्र धोरणाचे काय वाटले असेल? बैलजोडीचे चिन्ह मात्र प्रत्येक शेतकऱ्याच्या गोठ्यात उभे होते, आणि नेहरूंचे नाव तेव्हा देवासारखे घेतले जाई. राजकारणात बाबासाहेब समोरच्याला आपल्याच उंचीचा समजून बोलत. तो त्यांचा गुण होता. मते मिळविण्याच्या कामी तो उपयोगी पडत असे असे नाही.

निकाल असा लागला. खुल्या जागेवर अशोक मेहता विजयी. राखीव जागेवर भाऊराव बोरकर विजयी. बाबासाहेब आठ हजारांहून अधिक मतांनी पराभूत.

या निकालाकडे नीट पाहावे. जोडीतला एक जिंकला आणि एक हरला. दोघे एकाच समझोत्यावर उभे होते. फेडरेशनच्या मतदाराने हत्तीच्या पेटीत पहिली मतपत्रिका टाकली आणि दुसरी झोपडीच्या पेटीत टाकली, म्हणून मेहता लोकसभेत पोहोचले. झोपडीला मत देणाऱ्या सर्वांनी आपली दुसरी मतपत्रिका हत्तीच्या पेटीत टाकली असती, तर बाबासाहेबही पोहोचले असते. मेहतांना मते देणाऱ्यांतील काहींची दुसरी मतपत्रिका दुसरीकडे गेली, हा या निकालाचा सरळ अर्थ मला दिसतो. ती मते कोणाची? ती आमच्यासारख्या घरांची. काँग्रेसवर नाराज असलेल्या शेतकऱ्याने खुल्या जागेवर समाजवादी माणूस पत्करला. पण दुसरी मतपत्रिका हातात घेऊन हत्तीच्या पेटीपुढे आल्यावर त्याचा हात अडला. मतदान गुप्त असते, म्हणून एका घराचे नाव घेता येत नाही, आणि कोणत्याही एका घरावर बोट ठेवणे मला योग्यही वाटत नाही. परंतु आमच्या आळीत ही निवडणूक का सांगितली जात नाही, याचे उत्तर मला येथे सापडते.

मोहल्ल्यात एक आठवण सांगतात. काही कार्यकर्त्यांनी बाबासाहेबांना सुचवले की आपल्या लोकांनी दुसरे मत कोणालाच देऊ नये, ते कुजवावे. बाबासाहेबांनी त्याला साफ नकार दिला; ज्याने घटना लिहिली त्याने मत वाया घालवायला सांगावे हे त्यांना पटले नाही. ही गोष्ट मी प्रथम ऐकली तेव्हा मला तिचा हिशेब जुळेना. दुसरे मत मेहतांना दिल्याने बोरकरांची मते काही वाढत नव्हती. मग ते कुजवून काय मिळणार? पुढे पार्वतीपुरमचा निकाल वाचला तेव्हा ध्यानात आले. खुली जागा सर्वांना खुली होती. बोरकर राखीव जागेवर पुढे गेले तरी, मेहतांची मते पुरेशी घटली असती आणि काँग्रेसचा खुल्या जागेचा उमेदवारही मागे राहिला असता, तर बाबासाहेब त्या दुसऱ्या जागेवर निवडून येऊ शकले असते. पण ते आपल्या मित्राला पाडून. म्हणजे कार्यकर्त्यांचा सल्ला भाबडा नव्हता, त्यांना कायदा कळत होता. ही आठवण खरी धरली, तर बाबासाहेबांनी ती वाट जाणूनबुजून सोडली असे म्हणावे लागते. मला विचाराल तर या पोटनिवडणुकीतील सर्वांत मोठी घटना हीच, आणि ती कोणत्याही निकालपत्रकात नाही.

अशोक मेहता पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. पंचायत राज्याचा विचार करणारी १९७७-७८ ची समिती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. आपल्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात ती समिती आहे, पण हे गृहस्थ एके काळी भंडाऱ्याचे खासदार होते हे त्या धड्यात लिहिलेले नाही. भाऊराव बोरकरांना जागा फार काळ लाभली नाही. त्यांचे निधन झाले आणि १९५५ च्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी अनसूयाबाई बोरकर लोकसभेवर गेल्या. एकाच लोकसभेच्या काळात भंडाऱ्याच्या मतदारांनी तीनदा मत दिले, असा हा हिशेब आहे.

बाबासाहेबांनी पुन्हा निवडणूक लढवली नाही. १९५५ मध्ये फेडरेशनने कायदेमंडळातील राखीव जागा रद्द कराव्यात असा ठराव केला. ज्यांच्यासाठी जागा राखीव आहेत त्यांचाच पक्ष त्या नको म्हणतो, हे वाचून मी चकित झालो होतो. मुंबई आणि भंडारा या दोन ठिकाणचे निकाल समोर ठेवले की त्याचे नवल उरत नाही. राखीव जागेवर कोण बसावे हे जर दुसरेच ठरवणार असतील, तर ती जागा नावापुरतीच आपली. नोकऱ्या आणि शिक्षण यांतील सवलतींबद्दल त्यांचे म्हणणे वेगळे होते. ही गल्लत आपल्याकडे चर्चासत्रातही होते, म्हणून मुद्दाम सांगतो.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. भंडारा जिल्ह्यातून लोक रेल्वेने गेले, बंड्यांनी गेले, चालतही गेले. आमच्या गावातल्या मोहल्ल्यातील जवळजवळ प्रत्येक घरातून कोणीतरी गेले होते असे सांगतात. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले तेव्हा ते राज्यसभेचे सदस्य होते. लोकसभेत निवडून जाण्याचे मात्र राहूनच गेले.

दीक्षेनंतर ठवरे यांचाच प्रश्न पुन्हा, पण उलट्या बाजूने उभा राहिला. महानुभाव झालेला महार हा महारच, असे न्यायालय १९५४ मध्ये म्हणाले होते. बौद्ध झालेला महार मात्र केंद्राच्या यादीत अनुसूचित जातीचा राहिला नाही, कारण तो आदेश तेव्हा धर्माला बांधलेला होता. राखीव जागेवर उभे राहावयाचे तर बौद्ध म्हणून नोंद करता येईना. महाराष्ट्र राज्याने १९६० पासून आपल्यापुरत्या सवलती चालू केल्या; केंद्राने १९९० मध्ये कायदा दुरुस्त केला. म्हणजे चौतीस वर्षे. बाबासाहेबांच्या मागे ज्यांनी धर्म बदलला त्यांनी या चौतीस वर्षांत दाखल्याच्या एका कागदासाठी किती हेलपाटे घातले असतील, याची कल्पना आमच्या पिढीला येत नाही. माझ्या मित्राच्या घरी शाळेच्या दाखल्यांची एक जुनी पिशवी आहे. आजोबांच्या दाखल्यावर एक नोंद, मोठ्या काकांच्या दाखल्यावर दुसरी आणि वडिलांच्या दाखल्यावर तिसरी. घर एकच.

दोन सदस्यांचे मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने बंद झाले. दोन मतपत्रिकांची ती पद्धत, जी १९५४ मध्ये कोणाचे मन कोठवर जाते हे नेमके दाखवून गेली, तीही त्याबरोबर गेली. आता राखीव मतदारसंघात एकच जागा असते आणि सगळेच उमेदवार अनुसूचित जातीचे असतात. त्यामुळे हत्तीच्या पेटीपुढे हात अडण्याची वेळ कोणावर येत नाही. हे बरे झाले की वाईट, यावर आमच्या वसतिगृहात दोन रात्री वाद झाला आणि तो मिटला नाही.

आपल्या भागापुरते सांगावयाचे तर भंडारा-गोंदिया हा आज सर्वसाधारण मतदारसंघ आहे. विधानसभेचा लाखांदूर नावाचा मतदारसंघ २००४ च्या निवडणुकीपर्यंत होता. २००८ च्या फेररचनेत तो गेला आणि आपला तालुका साकोलीला जोडला गेला. २०२४ च्या नोव्हेंबरातील विधानसभा निवडणुकीत साकोलीचा विजयी उमेदवार अवघ्या २०८ मतांनी पुढे होता. आपल्या महाविद्यालयात दोन वर्गांत मिळून याहून अधिक मुले बसतात. घटनेतील मतदाराचे वय मुळात एकवीस होते, ते ६१ व्या घटनादुरुस्तीने अठरा झाले, म्हणून मी एकोणीस वर्षांचा असूनही यादीत आहे. वर्गात विचारले तेव्हा बऱ्याच जणांचे, आणि त्यातही मुलींचे, नाव नोंदवावयाचे राहिलेले निघाले. त्यासाठी नमुना ६ भरावा लागतो. तो तहसील कार्यालयात मिळतो, आणि सोबत वयाचा व राहण्याच्या जागेचा पुरावा जोडावा लागतो.